न दिलेला अपॉस्ट्रॉफी: कर्मचारी एक की अनेक?

फेसबुकवरच्या जेमतेम तीन ओळी. बारा तास व्हायच्या आत लिहिणाऱ्याने त्या स्वतःच पुसून टाकल्या. तरीही वर्षभराने सिडनीतल्या कोर्टात त्यांतल्या एका शब्दाचं वचन कोणतं, यावर खल झाला. शाळेच्या पेपरात अर्ध्या मार्काला येणारा हा प्रश्न. इथे मात्र तो अब्रुनुकसानीच्या दाव्यात आला होता आणि खर्चाचा आकडा लाखो डॉलरमध्ये सांगितला जात होता.

मी इंग्रजी शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि नोकरीत बढतीसाठी इंग्रजी पक्कं करायला आलेल्या मोठ्यांनाही. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजी शब्दात अक्षराच्या वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह (’), हा माझ्या वर्गातला सगळ्यात कंटाळवाणा तास असायचा. हे ऑस्ट्रेलियन प्रकरण हाती लागल्यापासून तो तास मी याच गोष्टीने सुरू करतो. मात्र बातम्यांमध्ये हे प्रकरण जसं रंगवलं गेलं, तसं ते मला पटत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी काय घडलं ते. तारीख २२ ऑक्टोबर २०२०, ठिकाण ऑस्ट्रेलियाचं न्यू साउथ वेल्स राज्य. घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यातल्या एका माणसाने आपल्या जुन्या मालकाचं नाव घेऊन पोस्ट लिहिली. दोघांची नावं इथे देत नाही, व्याकरणाला त्यांची गरज नाही. मजकूर साधारण असा: घरं विकतो लाखो लाखो डॉलरची, पण आपल्या कर्मचाऱ्यांचे सुपरॲन्युएशनचे पैसे भरता येत नाहीत. लाज वाटू दे. दोन वर्षं झाली, अजून वाट बघतोय.

आता पाहा, मराठीत सांगताना मी ‘कर्मचाऱ्यांचे’ असं लिहून मोकळा झालो. म्हणजे न्यायाधीशांसमोर जो प्रश्न होता त्याचा निकाल मी एका टिंबात लावून टाकला. ‘कर्मचाऱ्याचे’ लिहिलं असतं तर उलटा निकाल लागला असता. मराठीत हे वाक्य निकाल न लावता लिहिताच येत नाही. मूळ इंग्रजीत ते लिहिता आलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मूळ शब्द देवनागरीत उतरवतो: ‘कान्ट पे हिज एम्प्लॉईज सुपरॲन्युएशन’. त्यातला ‘एम्प्लॉईज’ हा आपला आरोपी. पोस्टमध्ये त्याच्या आसपास कुठेही अपॉस्ट्रॉफी नव्हता.

सुपरॲन्युएशन म्हणजे तिथला निवृत्तीनिधी. सिडनी-मेलबर्नमध्ये नोकरी करणारी आपली मंडळी त्याला नुसतं ‘सुपर’ म्हणतात. आपल्या पीएफचा हा भाऊ, फक्त आपल्याकडे पगारातूनही १२ टक्के कापले जातात, तर तिथली सक्तीची रक्कम मालकाने पगाराच्या वर भरायची असते. ही सक्ती १९९२ पासून आहे. पोस्ट लिहिली गेली तेव्हा दर साडेनऊ टक्के होता. मालकाने पीएफ बुडवला हे वाक्य आपल्याकडे जितकं झोंबेल, तितकंच ‘सुपर भरत नाही’ हे तिथे झोंबतं. त्यात कायदा मोडल्याचा आरोप असतो आणि धंद्याच्या इभ्रतीवर घाला असतो. जुन्या मालकाने दावा लावला यात नवल नाही.

लिहिणाऱ्याच्या बाजूने मांडलेली गोष्ट सरळ होती. दावा क्षुल्लक आहे, पोस्ट काही तासच होती, खटला चालवण्याचा खर्च मिळू शकणाऱ्या भरपाईच्या मानाने अवाच्या सवा होईल, तेव्हा हे इथेच थांबवा. खर्च अडीच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जाऊ शकतो, हा आकडाही चर्चेत होता. शिवाय अपॉस्ट्रॉफी राहून गेला, म्हणायचं होतं ते एकाच कर्मचाऱ्याबद्दल, हा मुद्दा होताच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीश जुडिथ गिब्सन यांनी दावा रद्द करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अडचण ‘एम्प्लॉईज’ या अनेकवचनाची आहे. एका कर्मचाऱ्याचे पैसे भरायचे राहिले तर ते दुर्दैव म्हणता येईल, पण काहींचे किंवा सगळ्यांचेच राहिले तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. म्हणजे वाचणाऱ्याला त्यात एक ठरलेली वहिवाट दिसू शकते.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण जगभरच्या अनेक बातम्यांत त्या मागे पडल्या. पहिली, हा अंतिम निकाल नव्हता. लिहिणारा हरला असं त्या दिवशी कोर्टाने म्हटलं नाही. खटला चालू द्यायचा की दारातच थांबवायचा, एवढाच प्रश्न होता. दुसरी गोष्ट कायद्याची. अब्रुनुकसानीत लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे आधी विचारत नाहीत. सामान्य, समंजस वाचकाला ते शब्द वाचून काय कळेल, हे विचारतात. त्यामुळे ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य घरात चालतं, तिथे फारसं चालत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०२१ पासून एक नवी अटही आली आहे: दावा लावणाऱ्याने आपलं गंभीर नुकसान झाल्याचं दाखवायला हवं. पण आपली पोस्ट त्याच्या आधीची.

कायदा इथे सोडतो आणि माझ्या कामाकडे वळतो.

वर्तमानपत्रांनी मथळा दिला, ‘अपॉस्ट्रॉफी राहिला म्हणून कोर्टात’. ऐकायला झकास. पण हा मथळा एक गोष्ट गृहीत धरतो की मूळ वाक्य चुकीचं होतं, त्यात काहीतरी गाळलं गेलं होतं. मी ते वाक्य फळ्यावर लिहितो आणि मुलांना चूक शोधायला सांगतो. सगळ्यांचे हात वर होतात, ‘सर, अपॉस्ट्रॉफी!’ मग मी विचारतो, नसला तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही. इंग्रजीत ‘पे’ या क्रियापदाला दोन कर्मं घेता येतात: कोणाला आणि काय. ‘पे द ड्रायव्हर फिफ्टी रुपीज’, ड्रायव्हरला पन्नास रुपये दे. त्याच साच्यात ‘पे हिज एम्प्लॉईज सुपरॲन्युएशन’ बसवून पाहा: आपल्या कर्मचाऱ्यांना सुपर दे. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने धडधाकट आहे. त्यात स्वामित्व नाहीच, मग अपॉस्ट्रॉफी कशाला हवा? आणि स्वामित्व नाही म्हटल्यावर ‘एम्प्लॉईज’मधला शेवटचा एस उरतो तो निव्वळ अनेकवचनाचा.

माझ्या मते या प्रकरणाची खरी मेख इथे आहे. चिन्ह गाळल्यामुळे वाक्य अर्धवट राहिलं असतं, तर वाचणारा अडखळला असता आणि ‘याला काहीतरी वेगळं म्हणायचं असावं’ असा विचार तरी केला असता. इथे चिन्ह गाळलं आणि दुसरंच, पूर्ण, बिनचूक वाक्य तयार झालं. अडखळायला जागाच नाही. अशी चूक लिहिणाऱ्यालाही दिसत नाही आणि वाचणाऱ्यालाही.

तीन शक्यता शेजारी शेजारी ठेवतो. देवनागरीत इंग्रजी एस इथे ‘ज’ झाला आहे, एवढं लक्षात ठेवा. ‘एम्प्लॉई’ज’, म्हणजे चिन्ह एसच्या आधी: कर्मचाऱ्याचे पैसे. ‘एम्प्लॉईज’’, म्हणजे चिन्ह एसच्या नंतर: कर्मचाऱ्यांचे पैसे. आणि चिन्ह नसलेलं ‘एम्प्लॉईज’: कर्मचाऱ्यांना पैसे. कानाला तिन्ही हुबेहूब एकच. फोनवर कोणी सांगून लिहवून घेतलं तर लिहिणाऱ्याने अंदाजच करायचा. तीनपैकी दोन वाचनांत कर्मचारी अनेक आहेत, हेही ध्यानात घ्या. म्हणजे चिन्ह राहून गेलं असं मानलं, तरी ते एसच्या आधीच राहिलं असेल याची हमी कोण देणार?

मोबाइलचंही थोडं सांगायला हवं. पोस्ट जशी छापून आली आहे, तीत ‘कान्ट’मधला अपॉस्ट्रॉफी जागच्या जागी आहे. आजकालचे फोन ‘कान्ट’ आपोआप दुरुस्त करतात, कारण तिथे बरोबर रूप जवळपास ठरलेलं असतं. ‘एम्प्लॉईज’ला फोन हात लावत नाही, कारण तिन्ही रूपं बरोबर आहेत. मालक कोण आणि किती, हे त्या बिचाऱ्या फोनला कुठून ठाऊक असणार!

आता मराठीकडे येतो, कारण माझे विद्यार्थी तिथूनच येतात आणि त्यांच्या चुकाही तिथूनच येतात.

आपल्याकडे या तीन अर्थांना तीन वेगळी रूपं आहेत. ‘ना’ आला की देणं, ‘चे’ आला की मालकी. एक की अनेक हे त्याच्याही आधी, सामान्यरूपातच ठरतं: कर्मचाऱ्या-, कर्मचाऱ्यां-. सगळा फरक डोक्यावरच्या टिंबाचा. इंग्रजीत एसवर जी वेळ आली, ती आपल्याकडे या अनुस्वारावर येते. फरक इतकाच की आपला अनुस्वार उच्चारात आहे, निदान असायला हवा. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ नीट बोललं तर वेगळं ऐकू येतं. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. ‘नाहीं’, ‘पांच’, ‘केलें’ यांवरचे न उच्चारले जाणारे जुने अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राखला. बरोबरच केलं. तो अनुस्वार माणसं मोजतो.

म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं मात्र नाही. व्हॉट्सॲपवर भराभर लिहिताना आपण किती अनुस्वार गाळतो, ते कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर पाहा. ‘सभासदाचे पैसे परत मिळतील’ असा निरोप आला तर कोणत्या एका भाग्यवान सभासदाचे, असं विचारायला हवं. पण कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना संदर्भ माहीत असतो. त्या पोस्टचा वाचक म्हणजे कुठलाही अनोळखी माणूस, त्याला संदर्भ माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणखी एक गंमत. आपला अनुस्वार नेहमी माणसंच मोजतो असंही नाही, कधी कधी तो आदरही मोजतो. ‘साहेबांचा डबा आला का?’ साहेब एकच, डबाही एकच, टिंब मात्र अनेकवचनाचं. शुद्धलेखनाच्या नियमांतही आदरार्थी बहुवचनाला अनुस्वार द्यायला सांगितलं आहे. समजा हाच दावा मराठी पोस्टवरून लागला असता आणि वाक्य ‘सरांचे पैसे दिले नाहीत’ असं असतं, तर सर एक की दहा यावर वकिलांनी आठवडा काढला असता. ‘कर्मचाऱ्यांचे’ म्हटल्यावर मात्र कोणी आदराचा मुद्दा काढला नसता. कर्मचाऱ्याला आदरार्थी बहुवचन देण्याची आपल्या ऑफिसांची रीत नाही. हे वाईट आहे, पण पुरावा म्हणून उपयोगी पडलं असतं.

पोस्टमधलं शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याच्या बाजूचं आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. ‘दोन वर्षं झाली, अजून वाट बघतोय.’ वाट बघणारा एकटाच दिसतो ना? पण इंग्रजीत तिथे कर्ताच नव्हता, ‘टू यर्स अँड स्टिल वेटिंग’ एवढंच. मी का आम्ही? इंग्रजी सांगत नाही. गंमत म्हणजे मराठीही सांगत नाही. ‘मी वाट बघतोय’ आणि ‘आम्ही वाट बघतोय’, क्रियापद तेच. बाई असती तर ‘बघतेय’ने एकवचन निदान पकडलं असतं. इथे आपली भाषाही त्याला वाचवत नाही.

इंग्रजी अशी का झाली, याचं उत्तर हजार वर्षं मागे आहे आणि ते मला मनापासून आवडतं. जुन्या इंग्रजीत, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन येण्याच्या आधी, राजा म्हणजे ‘क्युनिंग’. राजाचा म्हणायला ‘क्युनिंगेस’, राजांचा म्हणायला ‘क्युनिंगा’. दोन स्वच्छ वेगळे प्रत्यय, कानाला कळणारे, अगदी आपल्या ‘राजाचा’ आणि ‘राजांचा’सारखे. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले आणि ‘एस’ने सगळी जागा बळकावली. एकाचं स्वामित्व, अनेकांचं स्वामित्व, साधं अनेकवचन, सगळीकडे तोच. कानाला फरक कळेनासा झाला. मग छपाईच्या काळात डोळ्यासाठी सोय करावी लागली. अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आला १६ व्या शतकात, तोही गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. एकवचनी स्वामित्वाला तो १७ व्या शतकाच्या अखेरीस चिकटला आणि अनेकवचनी स्वामित्वात एसच्या मागे जाऊन बसायला त्याला १८ वं शतक लागलं. म्हणजे ज्या खुणेवरून हे सगळं रामायण झालं, ती इंग्रजीच्या वयाच्या मानाने कालची आहे.

मुलं नियम पाठ करतात: एकवचन असेल तर चिन्ह आणि मग एस, अनेकवचन असेल तर एस आणि मग चिन्ह. पाठ केलेला हा नियम पहिल्याच फटक्यात ‘चिल्ड्रन’वर आपटतो. ‘चिल्ड्रन’ अनेकवचन, म्हणून मुलं शेवटी एस जोडून त्याच्यामागे चिन्ह टांगतात. मी त्यांना दुसरी वाट दाखवतो. आधी धनी कोण ते पूर्ण लिहा, जेवढा एक किंवा जेवढे अनेक असतील तेवढे. त्यानंतरच चिन्हाला हात लावा. धनी ‘एम्प्लॉई’ असेल तर शब्द तिथे संपला, पुढे चिन्ह आणि एस. धनी ‘एम्प्लॉईज’ असतील तर शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा एस आधीच आहे, नुसतं चिन्ह पुरे. धनी ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘विमेन’ असतील तर शेवटी एस नाहीच, म्हणून चिन्ह आणि एस दोन्ही. चिन्हाच्या उजवीकडचं झाकून वाचलं तर धनी अखंड दिसला पाहिजे. ‘चिल्ड्रन’स’मध्ये चिन्हाच्या डावीकडे ‘चिल्ड्रन’ उरतं, तर ‘चिल्ड्रन्स’’ लिहिणाऱ्याला विचारायचं, ‘चिल्ड्रन्स’ नावाचा शब्द कुठे पाहिला?

मराठी मुलांची एक खास चूक असते आणि तिची मला कीव येते, कारण ती तर्काने केलेली असते. ‘मुलाची पुस्तकं’ लिहायला सांगितलं की कित्येक जण चिन्ह एसच्या मागे देतात. का? तर पुस्तकं अनेक आहेत म्हणून. आपला स्वामित्वाचा प्रत्यय दोन्हीकडे बघतो: मुलाचा डबा, मुलाची वही, मुलाचं पुस्तक, मुलाचे बूट. मागे धनी पाहून सामान्यरूप, पुढे वस्तू पाहून चा-ची-चं-चे. इंग्रजी एस पुढे बघतच नाही. धन्याच्या हाती एक पुस्तक असो वा कपाटभर, त्याला काही घेणंदेणं नाही. सिडनीच्या प्रकरणातही ‘सुपरॲन्युएशन’ किती, किती महिन्यांचं, याचा त्या चिन्हाशी संबंध नव्हता. प्रश्न फक्त डोकी किती, हा होता.

चिन्हाची जागा मुद्दाम, विचार करून ठरवल्याचं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत मदर्स डे सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्व्हिस यांनी चिन्ह एसच्या आधी असावं असा आग्रह धरला. दिवस एका आईचा, प्रत्येकाच्या आपापल्या आईचा. जगातल्या समस्त मातांचा नव्हे. १९१४ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो दिवस जाहीर केला तेव्हाही तेच रूप राहिलं. उलट तिथल्या व्हेटरन्स डेमध्ये अधिकृतपणे अपॉस्ट्रॉफीच नाही. तो सैनिकांच्या मालकीचा दिवस नाही, सैनिकांसाठीचा दिवस आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. तिथलं ‘व्हेटरन्स’ विशेषणासारखं वागतं. आपल्याकडे ५ सप्टेंबरला शाळांच्या फलकांवर ‘टीचर्स डे’ तिन्ही तऱ्हांनी रंगवलेला दिसतो. एकदा तर एकाच शाळेच्या फाटकावर एक आणि व्यासपीठावर दुसरा पाहिला. फाटकावर शिक्षक एकच होता. शाळा दोन शिक्षकी असती तरी खपलं नसतं.

एस वर संपणाऱ्या नावांचं काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ‘जेम्स’च्या पुढे नुसतं चिन्ह की चिन्ह आणि एस? खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं यावर एकमत नाही. २००६ च्या कॅन्सस विरुद्ध मार्श खटल्यात बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘कॅन्सस’नंतर नुसतं चिन्ह दिलं आणि विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी चिन्हानंतर आणखी एक एस जोडला. एकाच खटल्याची कागदपत्रं, एकच राज्य, दोन रीती. दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच धरा. यात वेळ घालवू नका. इथे अर्थ बदलत नाही, त्यामुळे कोणी कोर्टातही खेचत नाही.

अर्थ जिथे बदलतो तिथे वेळ घालवा. नोकरी सोडताना लिहायच्या पत्रातली मुदत पाहा. एक महिन्याची नोटीस असेल तर ‘मंथ’नंतर चिन्ह आणि एस. दोन महिन्यांची असेल तर ‘मंथ्स’नंतर नुसतं चिन्ह. धनी इथे माणूस नाही, महिना आहे, आणि म्हणूनच तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका पत्रात आकडा दोनचा होता आणि चिन्ह एकाचं. आकडा असल्यामुळे घोटाळा झाला नाही. आकडा नसता तर पत्र नोकरी सोडणाऱ्याच्या बाजूने वाचायचं की कंपनीच्या, असा वाद घालता आला असता.

पुन्हा सिडनीकडे येऊ. मथळे म्हणाले तसं, एसच्या आधी चिन्ह दिलं असतं तर तो माणूस सुटला असता का? मला शंका आहे. ‘हिज एम्प्लॉई’ज सुपरॲन्युएशन’ हे इंग्रजी कानाला जरा विचित्रच लागतं. ‘हिज एम्प्लॉई’ म्हटलं की त्या मालकाकडे एकच कर्मचारी आहे असा भास होतो. एकाच माणसाबद्दल बोलायचं असतं तर इंग्रजी माणूस ‘ॲन एम्प्लॉई’ म्हणाला असता, किंवा ‘वन ऑफ हिज एम्प्लॉईज’. म्हणजे नुसतं चिन्ह पुरलं नसतं, शब्दही बदलावे लागले असते. न्यायाधीशांच्या वाक्यातला फरक पाहा. एका कर्मचाऱ्याबद्दल लिहिताना त्यांनी ‘वन एम्प्लॉई’ज’ लिहिलं: आधी ‘वन’ हा आकडा, मग एकवचनी धनी, मग चिन्ह आणि एस. त्या एका चिन्हाच्या भरवशावर राहिल्या नाहीत.

म्हणून ही पोस्ट दुरुस्त करायला दिली की वर्गातली हुशार मुलं चिन्हाची जागा शोधत बसतात आणि मी त्यांना थांबवतो. दावा ज्या वाक्यावर लागला त्याचा कर्ता मालक, धनी कर्मचारी, आणि लिहिणारा स्वतः मात्र वाक्यात कुठेच नाही. स्वतःचे पैसे अडकले होते तर ‘माझे’ हा शब्द वाक्यात हवा होता. मागच्या तुकडीत पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी, ज्या एका पतपेढीत हिशेब बघतात, सरळ लिहून दिलं: ‘ही स्टिल हॅजन्ट पेड माय सुपर’. ‘माय’ला वचनाची भानगड नाही, एस नाही, चिन्हही नाही. ‘इट्स’सारखी थोडी सोडली तर बाकी सर्वनामं या बाबतीत सहसा त्रास देत नाहीत. बाईंना विचारलं, हे कसं सुचलं? म्हणाल्या, ‘तक्रारअर्जात दुसऱ्याचं कशाला लिहू सर, माझंच लिहिणार ना.’